प्रत, पैसा आणि पाऊल

ब्रिटिश काळात मुंबई सरकार दर आठवड्याला एक गोपनीय अहवाल छापायचं. इलाख्यातल्या देशी वर्तमानपत्रांत त्या आठवड्यात काय छापून आलं, त्याचा इंग्रजी गोषवारा त्यात असायचा. मराठी, गुजराती, उर्दू, कानडी असे सगळे कागद सरकारी भाषांतरकारांच्या टेबलावर यायचे, ते खुणा करायचे, उतारे इंग्रजीत आणायचे आणि अहवाल वरिष्ठांकडे जायचा. या अहवालाला जोडून एक तक्ता असायचा. पत्राचं नाव, गाव, दैनिक की साप्ताहिक, संपादकाचं नाव, त्याची जात, त्याचं वय आणि शेवटच्या रकान्यात खप.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हा तक्ता स्कॅन केलेल्या पानांवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला अगदी ओळखीचा वाटला. असे तक्ते मी रोज करतो. कोण बोलतंय, कुठून बोलतंय आणि किती लोकांपर्यंत पोचतंय, हे तीन प्रश्न शंभर वर्षांत बदललेले नाहीत. फक्त खपाच्या जागी आता ‘रीच’ आहे.

मी लोणावळ्यात वाढलो आणि कामासाठी पुण्याच्या बाजूला जातो. मावळात निवडणूक आली की माझ्यासारख्या पोरांना हमखास फोन येतात. एका प्रचार कार्यालयातून मलाही विचारणा झाली होती : आमच्या पोस्ट आणि लेखांमुळे किती मतं हलली, हे दाखवणारा डॅशबोर्ड करून द्याल का? डॅशबोर्ड करणं दोन दिवसांचं काम. त्यावर आकडे येतील, रंगीत आलेखही चढेल. पण ‘मतं हलली’ या रकान्यात नेमकं काय भरायचं? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी आपल्याच भागाचा जुना इतिहास वाचायला लागलो, कारण राजकीय लिखाणाचा प्रभाव मोजण्याचे प्रयत्न इथे सव्वाशे वर्षांपूर्वीच झालेले आहेत. सरकारने केले, कोर्टाने केले आणि लोकांनीही आपापल्या पद्धतीने केले.

खपाचा रकाना

‘केसरी’ सुरू झाला ४ जानेवारी १८८१ ला. १९०८ च्या सुमारास त्याचा खप २०,००० च्या आसपास होता आणि त्या काळच्या देशी पत्रासाठी हा आकडा फार मोठा होता. पण १९११ च्या जनगणनेप्रमाणे देशात शंभरातली जेमतेम सहा माणसं साक्षर होती. मग एवढ्या थोड्या वाचणाऱ्यांच्या देशात सरकार एका साप्ताहिकाला का घाबरत होतं?

कारण एक प्रत म्हणजे एक वाचक नव्हता. पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली होती आणि १८६३ मध्ये बोरघाटाचं काम पुरं होऊन मुंबई जोडली गेली. पुण्यात छापलेला कागद या रस्त्याने मावळातल्या स्टेशनांवर उतरू शकत होता. पुढे तो शाळामास्तर, कुलकर्णी, दुकानदार असा कुणाच्या तरी हातात पडायचा आणि पारावर किंवा ओटीवर मोठ्याने वाचला जायचा. एका प्रतीमागे दहा ऐकणारे धरले तर २०,००० चे दोन लाख होतात, वीस धरले तर चार लाख. हा दहा किंवा वीसचा गुणक कुठून आणायचा? तो कुठेही लिहिलेला नाही. सरकारकडे प्रतींचा आकडा होता, कानांचा नव्हता.

शिवाय सगळा प्रचार कागदावर नव्हताच. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढला आणि सत्यशोधक विचाराला स्वतःचं पत्र मिळालं. पुढे त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला. पण सत्यशोधक विचार गावोगाव नेला तो मुख्यतः जलशांनी. ढोलकी, गाणं, सोंग, सवाल-जवाब, सगळं तमाशाच्या घाटाचं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जलसा पुरता कळतो. सरकारच्या तक्त्यात मात्र जलशाला रकाना नाही, कारण जलशाचा खप नसतो.

आजचंही तसंच आहे. जाहीर पोस्टचे व्ह्यू दिसतात. पण तीच गोष्ट कुणीतरी आपल्या शब्दांत आवाजी मेसेज करून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की डॅशबोर्डच्या दृष्टीने ती नाहीशी होते. माझ्या अनुभवात गावातलं खरं राजकारण त्याच ग्रुपवर घडतं. जे मोजता येतं ते आपण मोजतो आणि मग तेच महत्त्वाचं आहे असं धरून चालतो.

कोर्टातलं मोजमाप

खप हा आकडा सरकारला पुरेना, तेव्हा प्रभावाचा प्रश्न कोर्टात गेला.

१५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. २२ जूनच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि ३ जुलैला तो मेला. गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. हे चिंचवड आज मावळ लोकसभा मतदारसंघात येतं. जुलैच्या अखेरीस टिळकांना मुंबईत अटक झाली.

दोन घटनांमध्ये सात दिवसांचं अंतर. आमच्या धंद्यात असा आलेख समोर आला की उत्साही माणूस लगेच म्हणतो, बघा, पोस्ट टाकली आणि आठवड्यात परिणाम दिसला. पण आधी काय घडत होतं? पुण्यात महिनोन्महिने प्लेगची सक्ती चालू होती. सोजीर घरात शिरत होते, सामान बाहेर काढत होते, माणसं उचलून नेत होते. दुष्काळही होता. त्या लेखाशिवाय गोळी सुटलीच नसती, असं कुणालाही सिद्ध करता आलं नसतं. सरकारने ते सिद्ध करायचा प्रयत्नही केला नाही. खटला खुनाला चिथावणी दिल्याचा नव्हता, तो राजद्रोहाचा होता, कलम १२४-अ.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना प्रश्नच सोपा करून टाकला. सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा त्यांनी अर्थ लावला. ती अप्रीती किती तीव्र होती, तिच्यातून दंगा झाला की नाही, हे पाहायची गरज नाही. असा लेख वाचून खाली ठेवताना ‘केसरी’च्या वाचकाच्या मनात काय येईल, एवढं ठरवा. नऊ ज्युरर होते, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी.

मला यात एक अजब गोष्ट दिसते. वाचकाच्या मनावर काय परिणाम झाला हे ठरवायचं होतं, पण एकाही वाचकाला तसं विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही. मावळातल्या एखाद्या पारावर तो अंक ऐकलेल्या शेतकऱ्याला ‘तुला काय वाटलं बाबा?’ असं कुणी विचारलं नाही. वाचक काय समजला असेल याची कल्पना करण्याचं काम नऊ जणांवर सोपवलं गेलं आणि त्यातल्या सहांना ती भाषाच परकी होती.

१९०८ मध्ये हे पुन्हा घडलं. या वेळी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख कोर्टापुढे होते. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि भाषण एकवीस तासांवर चाललं. त्यातला मोठा भाग भाषांतराविषयी होता. मराठीतला शब्द, त्याची छटा, त्यातला उपरोध इंग्रजीत नेताना बदलला आहे आणि तुम्ही शिक्षा ठरवताय ती त्या बदललेल्या शब्दावर, असा त्यांचा मुद्दा होता. आज मराठी मजकुराचा ‘सूर’ ओळखणारी जी सॉफ्टवेअरं विकली जातात, त्यांना हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. ‘वा, काय विकास केलाय साहेबांनी’ या वाक्याला मशीन कौतुक समजतं. खड्ड्यातून गाडी काढणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. शिक्षा सहा वर्षांची.

तळेगावचा पैसा

सरकार असं मोजत असताना मावळात प्रभावाचं एक वेगळंच माप तयार होत होतं.

अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाची कल्पना अशी होती की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. या पैसा फंडाला टिळकांनी पाठबळ दिलं. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसं लागत. या फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात हे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे सुरुवातीचं काम पाहिलं आणि मुलांना काच बनवायला शिकवलं.

स्वदेशीवर त्या काळात ढिगाने लेख लिहिले गेले. त्यांतल्या कोणत्या लेखाने कुणाचं मन वळवलं हे कुणीच सांगू शकणार नाही. पण तळेगावला भट्टी पेटली हे पाहता येत होतं. कुणीतरी लेख ऐकला, भाषण ऐकलं आणि मग खिशातून एक पैसा काढला. लाइक आणि पैसा यांत हाच फरक आहे. लाइक द्यायला काही जात नाही, पैसा एकच असला तरी आपला जातो. चौसष्ट जणांनी असा हात खिशात घातल्याशिवाय रुपया होत नव्हता, म्हणून त्या रुपयातून चौसष्ट जणांचा निर्णय वाचता येतो.

तळेगावातच समर्थ विद्यालयही होतं. विष्णू गोविंद विजापूरकरांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेली ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा पुढे तळेगावला आली. विजापूरकरांवर ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखासाठी खटला झाला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. लेख वैदिक प्रार्थनांवरचा होता, लेखक श्रीपाद दामोदर सातवळेकर. १९१० मध्ये सरकारने शाळाही बंद पाडली. त्याच वर्षीच्या प्रेस अ‍ॅक्टने नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागायची सोय केली. काही गैर छापलं की जामीन जप्त. लिखाणाच्या प्रभावाला सरकारनेही अखेर रुपयांचंच माप लावलं, फक्त उलट्या बाजूने.

सहा दिवस

टिळकांना शिक्षा झाली २२ जुलै १९०८ च्या रात्री. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडू लागल्या. संप सहा दिवस चालला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक दिवस. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली.

संपावर गेलेले बहुतेक कामगार कोकणातून आणि देशावरून आलेले, निरक्षर. सरकारच्या तक्त्यात ते ‘केसरी’चे वाचक म्हणून कुठेच नव्हते. खपाचा आकडा पाहून कुणी भाकीत केलं असतं तर या लोकांची गणती शून्य झाली असती. आणि यांनीच सहा दिवसांची मजुरी सोडली, तीही चाळीचं भाडं आणि वाण्याची उधारी डोक्यावर असताना.

पण इथे इंजिनिअर म्हणून मला थांबावं लागतं. हा सगळा लिखाणाचाच परिणाम म्हणायचा का? गिरणीतले लांबलचक तास, मुकादमांची दादागिरी, महागाई, ही सगळी कारणं आधीपासून होती. टिळकांच्या शिक्षेने त्या रागाला एक तारीख दिली आणि ‘सहा’ हा आकडा दिला. लिखाण बहुधा एवढंच करू शकतं. राग लोकांकडे असतो. लिखाण त्याला नाव देतं, दिवस ठरवून देतं आणि एकट्याला कळवतं की तू एकटा नाहीस.

मुळशी : पावलं मोजली तेव्हा

याच गिरण्यांना पुढे वीज गेली ती आमच्या पाण्यातून. ८ फेब्रुवारी १९११ ला गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली. लोणावळा, वलवण, शिरोता ही तळी झाली, पाणी घाट उतरून खोपोलीला गेलं आणि १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. मग आंध्रा खोऱ्यात ठोकळवाडी. पर्यटक ज्या तळ्यांच्या काठी आज फोटो काढतात त्यांच्या तळाशी शेतं होती.

तिसरा प्रकल्प शेजारच्या मुळशीत ठरला, नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ. पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती आणि जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम थांबलं आणि काही महिने थांबून राहिलं. पुढे सेनापती झालेले पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे, ‘केसरी’चे न. चिं. केळकर अशी नावं या लढ्याशी जोडलेली आहेत. म्हणजे पुण्याचं वृत्तपत्रविश्व जवळजवळ सगळंच यात होतं. गांधीजींनीही त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना विचार करायचं आवाहन केलं.

हा प्रचाराचा विजय दिसतो. पण जरा बारकाईने पाहिलं तर एक प्रश्न उभा राहतो. मुळशीच्या शेतकऱ्याला त्याची जमीन बुडणार आहे हे वर्तमानपत्राने सांगायला हवं होतं का? त्याने मोजणीचे खुंट स्वतःच्या भातखाचरात पाहिले होते. बाराशे पावलं धरणावर आली ती लेख वाचून आली नव्हती.

मग लेखांनी काय केलं? लेखांनी पुण्याला मुळशीत नेलं. ज्यांची वीतभरही जमीन जाणार नव्हती असे विद्यार्थी, वकील, संपादक त्या खोऱ्यात गेले आणि तुरुंगातही गेले. प्रभाव पडला तो शहरी वाचकावर. आणि तोच या लढ्याचा कच्चा दुवाही ठरला. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांच्या दृष्टीने बरा मोबदला मिळाला तर व्यवहार वाईट नव्हता. कसणाऱ्या कुळाला मात्र जमीन गेली की सगळंच गेलं. एकाच लेखाचे दोन वाचक, पण दोघांच्या ताटात वेगळं वाढलेलं. काम पुन्हा सुरू झालं, अटका झाल्या. शहरातला उत्साह हळूहळू ओसरला. बहुतेकांनी मोबदला घेतला आहे, या कारणासह गांधीजींनी १९२४ मध्ये सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, पिस्तूल वापरलं आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता सांगा, मुळशीच्या प्रचाराचा प्रभाव किती? धरण झालं म्हणून शून्य? बाराशे माणसं बसली म्हणून मोठा? ज्या महिन्यात मोजाल त्याप्रमाणे उत्तर बदलतं. एप्रिल १९२१ मध्ये मोजलं तर आलेख आकाशात, १९२४ मध्ये मोजलं तर जमिनीवर. आणि आज मोजलं तर? धरणग्रस्तांचा संघटित लढा म्हटलं की आजही मुळशीपासून सुरुवात करावी लागते.

ओहायोपासून मावळपर्यंत

बाहेरच्या जगात हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने हाताळला गेला तो १९४० पासून. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत सहाशे मतदारांना निवडणुकीपर्यंत दर महिन्याला गाठून मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वर्तमानपत्रांनी मतं उलटीपालटी झाली असतील, असा समज होता. प्रत्यक्षात प्रचारामुळे पक्ष बदललेले लोक फारच थोडे निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं होतं. आणि ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांच्यावर तो ओळखीच्या माणसाच्या बोलण्यातून झाला. कागद आधी गावातल्या चार जाणत्यांपर्यंत जातो आणि त्यांच्या तोंडून पुढे. आपल्या भाषेत सांगायचं तर, पार.

पुढे ब्लॉग आले. २००४ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळातल्या १,४९४ राजकीय ब्लॉगांचा अभ्यास लाडा अ‍ॅडामिक आणि नॅटली ग्लान्स यांनी केला. कोण कुणाला लिंक देतो याचा नकाशा काढला तर दोन वेगळी बेटं दिसली. सुमारे ९१ टक्के लिंक आपल्याच गटात राहत होत्या. म्हणजे प्रचंड लिखाण चालू होतं, पण ते आपल्याच माणसांना वाचून दाखवलं जात होतं.

२०१० मध्ये फेसबुकने सहा कोटींहून जास्त लोकांवर एक प्रयोग केला. ‘आज मतदान आहे’ एवढाच संदेश ज्यांना दिसला, त्यांच्या मतदानात फरक पडला नाही. पण त्याच संदेशाखाली मत दिलेल्या मित्रांचे चेहरे दिसले, तेव्हा मतदान किंचित वाढलं. आणि २०१८ मध्ये जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र करून पाहिले. सार्वत्रिक निवडणुकीत थेट संपर्क आणि जाहिरातींमुळे मतदाराची पसंती बदलते का? त्यांचं सर्वोत्तम अनुमान होतं, शून्य.

हे वाचून मी मावळ लोकसभेकडे पाहतो. हा मतदारसंघ घाटाच्या दोन्ही अंगांना पसरला आहे. खाली पनवेल, कर्जत, उरण, वर मावळ, चिंचवड, पिंपरी. २०१९ मध्ये श्रीरंग बारणे इथून सुमारे दोन लाख पंधरा हजार मतांनी जिंकले, २०२४ मध्ये तेच उमेदवार सुमारे शहाण्णव हजारांनी. दोन्ही वेळा समाजमाध्यमांवर धो धो प्रचार झाला. पण मधल्या पाच वर्षांत पक्ष फुटला, आघाड्या बदलल्या, समोरचा उमेदवार बदलला, नवे मतदार आले. या फरकातला किती वाटा पोस्टचा, हे सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतो आहे असं खुशाल समजा.

निवडणूक आयोगाने या भानगडीत न पडता सरळ मार्ग घेतला. ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांपासून उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरची खाती प्रतिज्ञापत्रात सांगावी लागतात आणि तिथला खर्च, अगदी मजकूर तयार करणाऱ्यांच्या पगारासकट, निवडणूक खर्चात दाखवावा लागतो. त्या सूचनांतल्या माध्यमांच्या यादीत ब्लॉगही आहेत. आयोग प्रभाव मोजत नाही, खर्च मोजतो. मला हे प्रामाणिक वाटतं. जुन्या तक्त्याशी त्याचं नातं आहेच, पण एक फरक मोठा आहे : तो तक्ता गोपनीय होता, हे प्रतिज्ञापत्र कुणालाही पाहता येतं.

कोणतं माप धरायचं

९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबारात तिघांचा जीव गेला. जलवाहिनीचं काम त्या दिवसानंतर दहा वर्षांहून जास्त काळ अडून राहिलं. त्या दिवशी किती पोस्ट पडल्या हे कुणाला आठवत नाही. बऊर हे नाव मात्र मावळात आजही नुसतं उच्चारलं तरी पुरतं.

म्हणून राजकीय लिखाणाचा प्रभाव मोजायचाच असेल तर मी तीन गोष्टी विचारीन. पहिली, वाचणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने त्यापायी काय सोडलं? एक पैसा, सहा दिवसांची मजुरी, की काहीच नाही? दुसरी, ते आपल्या कळपाबाहेरच्या कुणापर्यंत गेलं का, जसं मुळशीचं दुःख जमीन न गेलेल्या विद्यार्थ्यापर्यंत गेलं? तिसरी आणि सगळ्यात अवघड, ते किती टिकलं? टिळकांवर ज्या अग्रलेखासाठी खटला झाला त्याच्या मथळ्यात ‘टिकाऊ’ हा शब्द होता. आमच्या डॅशबोर्डवर चोवीस तासांचा आलेख असतो, सात दिवसांचा असतो, फार तर महिन्याचा. टिकण्याचा रकाना नसतो, कारण तो भरायला दहा-वीस वर्षं थांबावं लागतं आणि निकाल तर त्याच आठवड्यात हवा असतो.

प्रचार कार्यालयाला मी हेच सांगितलं. किती जणांनी पाहिलं ते दाखवता येईल, किती मतं हलली ते नाही. पलीकडून थोडा वेळ शांतता होती. मग प्रश्न आला, ‘पण साहेबांना आकडा लागतो हो.’

तो आकडा कुणीतरी दिलाच असेल. साहेब गोरा होता तेव्हाही तो दर आठवड्याला टेबलावर येत होता, नीट छापलेला, जात आणि वयासकट. २२ जुलै १९०८ पर्यंतचे सगळे अंक त्या अहवालांत मोजलेले होते. २३ तारखेला गिरण्यांतून बाहेर पडलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं.